‘बंद झाल्यावर बघू’ हे उत्तर चुकीचं का आहे

‘कारखाना चालू आहे तोवर खालची माती साफ करता येत नाही. पुढेमागे बंद झाला, की शेड पाडू आणि एकदाच काय ते खोदून काढू.’ जमिनीत मुरलेल्या रसायनांचा विषय निघाला की हे उत्तर हमखास मिळतं, आणि इतक्या ठामपणे मिळतं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारायलाच हवा. रसायन सांडलं तिथेच बसून राहील, असं या उत्तरात गृहीत धरलेलं आहे. भूजल मात्र वाहतं असतं. धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन घ्या. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने भूजलावर तरंगत नाही; खाली बुडत जातं, सांदीकोपऱ्यात साचतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एका लिटरचं वजन भरतं सुमारे १.४६ किलो. भागाकार करून पाहा: तेवढं एक लिटर २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आज पिंपाखालची चार घमेली माती उचलून जे भागलं असतं, ते दहा वर्षांनी शेजारच्या विहिरींचं दुखणं झालेलं असतं.

चालू जागेत काम होतं का? होतं. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनामधल्या एलिझाबेथ सिटीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तिथल्या जुन्या क्रोम प्लेटिंग विभागातून काँक्रीटच्या फरशीखाली षट्संयुजी क्रोमियम झिरपलं होतं. १९९६ मध्ये या दूषित पाण्याच्या वाटेत आडवा, ४६ मीटर लांब, सुमारे ७ मीटर खोल आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद असा चर घेऊन त्यात लोखंडाचा चुरा भरला. पाणी त्यातून आपल्या गतीने जातं. लोखंडामुळे षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी क्रोमियम होतं, जे पाण्यात फारसं विरघळत नाही, आणि ते तिथेच अडकतं. पाण्यातलं ट्रायक्लोरोइथिलीनही त्या चुऱ्यात विघटित होतं. पंप नाही, वीज नाही, आणि तळ बंद करावा लागला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे मुरमाखाली बेसाल्ट, आणि त्यात पाणी भेगांतून वाहतं. सगळ्या भेगा एका चराने अडतीलच असं नाही. पण यातून ‘थांबा’ असा निष्कर्ष कसा निघतो? भेगांतलं पाणी वेगाने आणि अनपेक्षित दिशेने जातं, म्हणून तर निरीक्षण विहिरी आधी घ्यायच्या आणि उपाय त्यानंतर ठरवायचा. क्रोमियमसाठी जमिनीत मळीचं, म्हणजे साखर कारखान्यातल्या मोलॅसिसचं, पातळ द्रावण सोडण्याची पद्धतही वापरात आहे. जिवाणू त्यातली साखर खातात, प्राणवायू संपवतात आणि क्रोमियमचं तेच रूपांतर घडतं. जागा लागते बोअरपुरती. त्याआधीचं काम तर कुठल्याही तंत्राशिवाय होतं: गळकी टाकी, फुटकी पाइपलाइन शोधून बंद करायची. गळती चालू ठेवून केलेलं शुद्धीकरण वाया जातं.

‘परवडत नाही’ हे उत्तर मला अधिक खटकतं. चालू कारखान्याकडे उत्पन्न असतं, नकाशे असतात, कुठल्या टाकीत काय होतं ते सांगणारे जुने कामगार असतात. बंद कारखान्याकडे यातलं काय उरतं? भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ च्या दुर्घटनेनंतर बंद झाला. आवारात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडला, आणि जमिनीत पुरलेला बाकीचा कचरा व दूषित भूजल त्यात नव्हतंच. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत खर्च दूषित करणाऱ्याच्याच माथी आहे. म्हणजे वाट पाहिल्याने बिल टळत नाही, वाढत जातं.

इतर समजुतींना एवढी जागा लागत नाही. काँक्रीट असलं की खाली काही जात नाही, हे खोटं. काँक्रीटला सांधे असतात आणि आम्ल त्याला खातं. बोअरचं पाणी नितळ दिसतं म्हणून चांगलं, हेही खोटं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि त्याच्या दुपटीलाही डोळ्यांना काही दिसत नाही. ‘ईटीपी आहे ना’ म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, फक्त तिथवर पोचलेलं पाणी शुद्ध करतो, वाटेत गळालेलं नाही. दूषित पाणी उपसत राहिलं की प्रश्न मिटतो, असं मानणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा १९९४ चा अहवाल आहे: तपासलेल्या ७७ ठिकाणांपैकी ६९ ठिकाणी उद्दिष्ट तोवर गाठलं गेलं नव्हतं. आणि कोरडी पडलेली बोअर निरुपद्रवी नसते. उघडी राहिली तर वरचं दूषित पाणी थेट खोलवरच्या जलधरात नेणारी ती सरळ नळी आहे. तळापासून तोंडापर्यंत सिमेंट किंवा बेंटोनाइट भरून ती बुजवायला कारखाना एक दिवसही बंद ठेवावा लागत नाही.