मोठी मासळी साफ करण्याचे शास्त्र

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि आपल्याकडील शिकारीचे युग संपले. मारलेले मोठे सावज जागीच फाडून थंड करण्याची शिकाऱ्यांची विद्याही त्याबरोबर मागे पडली. तिचेच तत्त्व समुद्रावर मात्र आजही पाळावे लागते. वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या अर्नाळ्याच्या कोळ्यांना घोळ, रावस किंवा सुरमईसारखा मोठा मासा मिळाला, की खरी कसोटी जाळे ओढल्यानंतर सुरू होते.

मासा मेल्यावर त्याच्या आतड्यांतील व कल्ल्यांतील जिवाणू मांसात शिरू लागतात आणि पोटातील पाचकरसही आतून मांस सैल करतात. लहान मासळी बर्फात लवकर गार होते. मोठ्या माशाचा कण्याजवळचा जाड भाग मात्र बराच वेळ उबदार राहतो. म्हणूनच रक्त, आतडी आणि उष्णता या तिन्ही गोष्टी शक्य तितक्या लवकर बाहेर काढणे आवश्यक असते.

प्रथम कल्ल्यांच्या मुळाशी छेद देऊन रक्त वाहू द्यावे. नंतर गुदद्वारापासून गळ्यापर्यंत पोट उघडावे. सुरीची धार बाहेरच्या बाजूस ठेवावी व टोक खोल घालू नये. आतडे वा पित्ताशय फुटले तर मांस कडवट होते आणि दूषितही होते. आतडी व कल्ले काढून कण्याला चिकटलेले काळपट रक्त खरवडावे. मग स्वच्छ पाण्याने धुऊन पोटात बर्फाचा चुरा भरावा. बंदरातील गढूळ पाणी यासाठी वापरू नये. उष्ण हवामानात साधारण माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. वितळलेले पाणी वाहून जाण्याची सोयही हवी.

घोळीच्या बाबतीत आणखी एक जोखीम असते. तिच्या पोटातील हवेची पिशवी, म्हणजे बोत, पूर्व आशियात मोठ्या किमतीला जाते. घाईने चालविलेल्या सुरीने बोत फाटला, तर भाव घसरतो. त्यामुळे हे काम अनुभवी हाताकडेच सोपविणे शहाणपणाचे.

हलगर्जीपणाची झळ ग्राहकालाही बसते. सुरमई, बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी उबदार राहिली, तर जिवाणू त्याचे हिस्टामीन बनवितात. त्याने चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर पुरळ उठते, छातीत धडधडते. हा पदार्थ शिजवून वा गोठवून नष्ट होत नाही आणि दर वेळी वासावरूनही कळत नाही.

लालभडक कल्ले, टपोरे डोळे आणि बोटाने दाबल्यास लगेच वर येणारे मांस ही ताजेपणाची लक्षणे होत. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. मासळी बोटीपासून पाटीपर्यंत बर्फात होती काय, हा प्रश्न ग्राहकाने विक्रेत्याला अवश्य विचारावा.