बोईसरहून निघालेली मोटारसायकल



आमच्या खात्याचे काम लागणीच्या नोंदीचे आणि तोडणीच्या पाळीचे. परगावाहून गाडी कशी आणावी हा आमचा विषय नव्हे. परंतु गटात फिरताना बांधावर बसले की बोलणे उसापुरते राहत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूरला पोटापाण्यासाठी गेलेली आहेत. १९६९ साली तारापूरला अणुवीज सुरू झाली, शेजारी बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. मुले तिकडे जातात, हप्त्याने गाडी घेतात, आणि एक दिवस काम सुटले किंवा बदली झाली की ती गाडी गावाकडे कशी न्यायची हा प्रश्न उभा राहतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाच्या मुलाचे असेच झाले. गावी येऊन दूध संकलनाचे काम धरायचे त्याने ठरवले. भांडवल म्हणाल तर हप्ते फिटलेली मोटारसायकल, एवढेच. मोबाईलवर एक कंपनी सापडली. नाव मोठ्या कंपनीसारखे, बोलणारा गोड. साडेचार हजार ठरले, सगळे आगाऊ. टेम्पो आला, गाडी गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला, विम्याचे सहा हजार भरा, गाडी पोचली की परत मिळतील. पोराने भरले. मग कराचे म्हणून आणखी पाच हजार मागितले, तेव्हा त्याचे वडील आमच्या गट ऑफिसात आले. सगळे ऐकून शेजारी बसलेले एक तात्या म्हणाले, "साहेब, म्हणजे उचल घेऊन टोळी पळाली म्हणायची!"

अगदी बरोबर बोलले. मुकादमाला उचल देताना आपण त्याचे गाव बघतो, टोळीत कोयते किती ते विचारतो, कागद करतो. इथे मात्र साठ हजारांची गाडी नुसत्या आवाजावर दिली.

आमचा एक भाचा बोईसरला असतो, म्हणून आम्ही स्वतः जाऊन आलो. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे दुकान निघाले. फोनवरच्या माणसाकडे ना ट्रक ना गोदाम. तो नुसता मधला दलाल. गाडी वसईकडच्या एका गोदामात धूळ खात उभी होती आणि गोदामवाला म्हणत होता, आमचे भाडे कुणी दिले नाही. पोलिसांत अर्ज दिला, भाडे भरले, तेविसाव्या दिवशी गाडी सुटली. दलालाकडे गेलेले साडेदहा हजार अजून आलेले नाहीत. असे पैसे गेले की त्याच तासाला १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवावी. पोराने आठवडा घालवला.

रेल्वेने आणायचे डोक्यात आले होते. पण बोईसर पश्चिम रेल्वेवर, आणि आपल्याकडे येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून. तिथपर्यंत गाडी नेणे, टाकी पूर्ण रिकामी करणे, पोत्यात बांधणे, एवढा खटाटोप कोण करतो? रस्ता सोपा. चिल्हार फाट्यावरून जाणारा आणि कराडजवळून कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग एकच, क्रमांक ४८.

मग असा हुंडेकरी शोधला, ज्याचा माल वसाहतीतून रोज आपल्या बाजूला येतो. आधी विचारले, बिल्टी कुणाच्या नावाची? बिल्टी देणारा आणि ट्रक नेणारा एकच असेल तर बोलायचे. माल वाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, तो २०११ पासून लागू आहे. त्याखाली वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते. तो क्रमांक मागावा. जीएसटीचा क्रमांक पंधरा अंकी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की खरे नाव आणि पत्ता दिसतो. आमच्या भाच्याने दोन मिनिटांत पाहिले. पहिल्या कंपनीच्या चिठ्ठीवर असा क्रमांकच नव्हता!

बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घेणे फार महत्त्वाचे. जास्त जोखमीचा दर ठरवला नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. भाडे साडेतीन हजार असेल तर पस्तीस हजार, मग गाडी साठाची का असेना. नुकसान झालेच तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही.

आणि तो विमा! गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना होणारे नुकसान त्यात बहुधा धरलेले असते. आपली पॉलिसी काढून वाचावी. नुसता तृतीय पक्षाचा विमा असेल तर मात्र हे मिळत नाही. पोराची पॉलिसी सर्वसमावेशकच होती. सहा हजार फुकट गेले.

गाडी देताना चारी बाजूंनी फोटो काढले, किलोमीटरचा आकडा बिल्टीवर घातला. मूळ आरसी बुक दिले नाही, झेरॉक्स दिली. भाडे निम्मे तिथे, निम्मे इथे उतरल्यावर. पहिल्यापेक्षा हजार रुपये स्वस्तच पडले, याचे आम्हालाही नवल वाटले.

चौथ्या दिवशी गाडी गट ऑफिससमोर उतरली. डावा आरसा फुटलेला होता. सही करण्याआधी तसे पावतीवर लिहिले, म्हणून ड्रायव्हरने मालकाला फोन लावून तीनशे रुपये भाड्यातून कमी केले. गाडीचा क्रमांक एमएच ४८, पालघरकडचा. नवा पत्ता तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचा असतो, ते काम मुलाने केले आहे.

आता तो पहाटे पाचला कॅन लावून निघतो. वाटेत आमचे ऑफिस लागते. त्याच्या वडिलांच्या खोडव्याची नोंद अजून राहिलेली आहे. येताना सात-बारा घेऊन ये, असे त्याला दोनदा सांगून ठेवले आहे.