वारसाने आलेली नाणी : वर्गीकरणाचा एक विचार

आजोबांचा नाणेसंग्रह नातवंडांच्या हाती येतो, तेव्हा नाणी घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह प्रथम आवरावा लागतो. घासल्याने अक्षरांच्या कडा झिजतात आणि पुराव्याचा तेवढा भाग कायमचा नष्ट होतो. त्यानंतर धातू, वजन व लिपी या क्रमाने नाणी वेगळी करावीत. नाण्यावरील नाव मात्र जपून वाचावे. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारी प्रत्येक तांब्याची शिवराई शिवकालीन नसते. अशी नाणी पेशवाईतही पाडली जात. मराठ्यांच्या टांकसाळींतील अनेक रुपयांवर तर फार्सी लिपीत मोगल बादशहाचे नाव आढळते. सत्ता एकाची, नाममुद्रा दुसऱ्याची!

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै मागे पडून नवा पैसा आला. ‘सोळा आणे खरे’, ‘पै पै जोडणे’ हे प्रयोग भाषेत मात्र टिकून राहिले.

संग्राहकाने नाण्यांसोबत जपलेल्या मोडी चिठ्ठ्या व पुरचुंड्या म्हणूनच टाकून देऊ नयेत. नाणे घरात कोठून आले, हे नाण्यावर लिहिलेले नसते. चिठ्ठी गेली की लेख उरतो, संदर्भ हरपतो.