जुन्या संगणकासाठी कार्यप्रणालीची निवड
संगणकाचा सारा कारभार चालविणारी मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. हे संगणक त्यानंतर बंद पडले नाहीत. मात्र सुरक्षेतील नव्या त्रुटींची नियमित दुरुस्ती थांबल्याने त्यांवरील माहितीस धोका वाढला.

‘विंडोज ११’साठी किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुनी यंत्रेही अपात्र ठरतात. तथापि, ती लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सवर आधारित अनेक प्रणाली विनामूल्य मिळतात व कमी क्षमतेच्या यंत्रावरही चालतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली त्यांपैकीच होय.

निवड करताना कामाचा विचार प्रथम व्हावा. लेखन, पत्रव्यवहार व अध्यापन यांस लिनक्स पुरेसे आहे. परंतु हिशेबाची आज्ञावली, डिजिटल स्वाक्षरी किंवा प्रिंटर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर नवे यंत्र घेणे इष्ट. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात. कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व माहितीची स्वतंत्र प्रत काढून ठेवणे अगत्याचे आहे.