डोळ्यांच्या गंभीर दाहावर प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांचा उपाय. मात्र आधी क्षयरोगाची तपासणी

नवी दिल्ली : डोळा लाल होणे, प्रकाश सहन न होणे आणि नजर धूसर होणे ही लक्षणे पुन्हा पुन्हा उद्भवत असतील, तर ती नेहमीची डोळ्यांची साथ नसून ‘युव्हिआयटिस’, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह असू शकतो. जंतुसंसर्गाविना झालेल्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डोळ्यावर हल्ला करते. दृष्टिपटलापर्यंत पोहोचलेला दाह वेळीच न रोखल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

पहिला उपचार स्टिरॉइडचा. तो झपाट्याने लागू पडतो. पण महिनोन्‌महिने चालू राहिल्यास मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह आणि हाडांची झीज असे परिणाम संभवतात. त्यामुळे स्टिरॉइडची मात्रा उतरवता यावी यासाठी मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन ही औषधे जोडली जातात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात.

यांपैकी सरस कोणते, याचा शोध घेण्यात भारतीय रुग्णांचा मोठा वाटा आहे. भारतासह पाच देशांतील २१६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या ६६.७ टक्के, तर मायकोफेनोलेट घेणाऱ्या ५७.१ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला. हा फरक निर्णायक नव्हता. मात्र स्वस्त मेथोट्रेक्सेट मागे पडले नाही, हे भारतासारख्या देशासाठी महत्त्वाचे.

राजधानी परिसरासह शेजारच्या राज्यांतील अनेक गुंतागुंतीचे नेत्ररुग्ण अखेर ‘एम्स’च्या, १९६७ मध्ये स्थापन झालेल्या, डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राकडे वळतात. देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने येथील पेच पाश्चात्त्य देशांहून वेगळा आहे. क्षयरोगामुळेही डोळ्यात असाच दाह होतो, आणि शरीरात सुप्त असलेला क्षयरोग या औषधांमुळे उफाळू शकतो. म्हणूनच छातीचा एक्स-रे व रक्त किंवा त्वचेची चाचणी आधी केली जाते. अ‍ॅडालिम्युमॅबसारख्या जैविक इंजेक्शनांबाबत ही खबरदारी अधिकच कटाक्षाने घ्यावी लागते.

मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगावरील औषध. माहितीपत्रकात तसा उल्लेख वाचून रुग्ण धास्तावतात. प्रत्यक्षात डोळ्यांसाठीची मात्रा बरीच कमी असते. खरा धोका वेगळाच : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिले जाते, तसेच रक्तपेशी व यकृताच्या चाचण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने या काळात गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे.

लाली ओसरली की अनेक जण परस्पर औषध बंद करतात. परंतु बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याच्या आत दाह धुमसत असू शकतो. तो नेत्रतज्ज्ञांना तपासणीतच दिसतो. साधारणतः डोळा दोन वर्षे शांत राहिल्यानंतरच औषध हळूहळू कमी करण्याचा विचार केला जातो.