सनद निजामाची, अंमल साहेबाचा

परदेशी अंमलदारांचा पगार थकला म्हणून एक अख्खा जिल्हाच त्या पगारापोटी लावून द्यावा लागतो, हा प्रकार धाराशिवच्या वाट्याला आला. निजामाच्या कंटिंजंट फौजेत शिपाई देशी आणि वरचे अंमलदार इंग्रज असत. त्यांच्या नेमणुकीत इंग्रज रेसिडेन्सीचा शब्द चाले, परंतु तनखा मात्र निजामाच्या खजिन्यातून निघे. आणि तो खजिना दिवाण चंदुलाल यांच्या कारकिर्दीत सावकारी कर्जाने पोखरून गेल्यामुळे पगार तुंबत, कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून रक्कम पुढे करी व ती निजामाच्या नावे मांडून ठेवी. अखेरीस लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली 21 मे 1853 रोजी तह झाला, आणि वऱ्हाड, रायचूर दोआब व नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चापोटी कंपनीच्या ताब्यात गेला.

या नव्या जिल्ह्याच्या कारभारावर नेमले गेलेले मेडोज टेलर हे स्वतःच परदेशी भरतीचा एक चमत्कारिक नमुना होते. 1808 साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा 1824 मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. तेथे जम बसेना, तेव्हा न्यूनहॅम नावाच्या वजनदार आप्ताच्या शिफारशीने त्याला निजामाच्या फौजेत सनद मिळाली. कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयातून करारबद्ध होऊन येणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांचा मान, वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क या स्थानिक सनदेला नव्हता. पुढे शोरापूर संस्थानाचा कारभार बारा वर्षे सांभाळल्यानंतर टेलर नळदुर्गास आले, आणि योगायोग असा की त्याच 1853 साली पार्लमेंटने करारबद्ध नोकरीतील वशिल्याची नेमणूक मोडून स्पर्धापरीक्षेचा पाया घातला. 1857 मध्ये टेलर यांची बदली वऱ्हाडात झाली. परंतु नळदुर्गचा प्रदेश त्यांच्या मनातून गेला नाही, कारण 1863 च्या त्यांच्या ‘तारा’ या कादंबरीचे कथानक तुळजापुरातच उभे राहते.

1860 च्या तहाने धाराशिव व रायचूर निजामास परत मिळाले आणि 50 लाखांचे कर्जही माफ झाले. त्यानंतर दिवाण पहिले सालारजंग यांनी जिल्हाबंदी करून अव्वल तालुकदारांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, जी व्यवस्था उभारली, तिच्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून लायक माणसे बोलावली गेली, आणि पुढे कॅसन वॉकर यांच्यासारखे इंग्रज अधिकारी इंग्रज सरकारकडून उसने घेतले गेले. परंतु रयत सारा भरी तो हाली, म्हणजे निजामी, सिक्क्यात. इंग्रजी नाणे ते कलदार, आणि सुमारे 7 हाली म्हणजे 6 कलदार असा भाव असल्यामुळे अशा साहेबाला 600 कलदारांची तलब द्यायची तर सुमारे 700 हाली रुपयांचा वसूल लागे.

अशा नेमणुकांनी बाहेरून आलेल्या माणसांत कर्तबगार पुष्कळ होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नोकरी मुलकी, म्हणजे राज्यातल्याच, माणसाला का नाही, हा प्रश्न हैदराबाद राज्यात मोठ्याने विचारला गेला तो बहुतांशी लखनौ-दिल्लीकडच्या गैरमुलकींविषयी; ज्या साहेबांच्या तनख्यापायी मुलूखच लावून द्यावा लागला होता, त्यांच्याविषयी तो विचारण्याची 1853 मध्ये दरबाराचीही प्राज्ञा नव्हती, मग नळदुर्गच्या रयतेची गोष्टच कशाला!