कथाखेळ : वर्गात तो कसा चालवावा

भातुकली मांडून बसलेल्या मुलांचे बोलणे आपण कधी लक्षपूर्वक ऐकले आहे काय? "मी आई, तू पाहुणा," एवढेच आधी ठरलेले असते. पाहुणा चहात साखर नाही म्हणतो, आई शेजारणीकडे वाटी घेऊन धावते, आणि गोष्ट बोलता बोलता घडत जाते. या सहजप्रवृत्तीस थोडे नियम व एक सूत्रधार यांची जोड दिली म्हणजे जो खेळ सिद्ध होतो, त्यास आपण कथाखेळ म्हणू.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळण्याची रीत तेथून रूढ झाली. लढायांचे डावपेच खेळण्याच्या छंदातून तो निघालेला असल्यामुळे त्यात शस्त्रे, राक्षस व आकडेमोड यांना मोठे स्थान होते. पुढे गोष्टीलाच प्राधान्य देणारे खेळ निघाले. २०१० मधील 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा त्यांपैकी एक. आपल्या शाळांस उपयोगी पडेल तो हा दुसरा प्रकार होय.

नाटक आणि कथाखेळ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नाटकाचा शेवट सर्वांस आधीच ठाऊक असतो. कथाखेळाचा शेवट सूत्रधारासही ठाऊक नसतो. म्हणून शिक्षकाचे काम सांगण्याचे नसून विचारण्याचे आहे. प्रसंग उभा करावा, आणि "मग तुम्ही काय करता?" असे विचारून थांबावे.

साहित्य म्हणाल तर सापशिडीतला एक फासा आणि फळा पुरे. चौथी-पाचवीच्या वर्गाचे पाच गट करावेत व प्रत्येक गटाने एक पात्र घ्यावे. गटाने मिनिटभर आपसांत विचार करून एकाने उत्तर द्यावे. उत्तर देणारा दर वेळी बदलावा. जे सहज घडण्याजोगे आहे, ते घडू द्यावे. यश संशयित असेल तेव्हाच फासा टाकावा. पाच-सहा पडल्यास काम साधले. तीन-चार पडल्यास साधले, परंतु काही गमवावे लागले. एक-दोन पडल्यास साधले नाही आणि नवी अडचण उभी राहिली. यांत मधला निकाल सर्वांत मोलाचा, कारण गोष्ट त्यातूनच पुढे सरकते.

एक उदाहरण पाहू. १२ जुलै १९६१, बुधवार. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचे धरण वाचविण्याची शर्थ केली होती. परंतु सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. नारायण पेठेतील एक वाडा फळ्यावर काढावा. पात्रे अशी : जिना न चढवणारी आजी, शाळकरी मुलगी, किराणा दुकानदार, लकडी पुलापलीकडे सायकलवर असलेला दूधवाला, धरणावरील अभियंता.

"लोक नदीकडून पळत येत आहेत. दुकानदार, तुम्ही काय करता?"

"गल्ल्यातले पैसे घेतो."

"वाड्यातून आजीची हाक ऐकू येते. मग?"

येथे गटात कुजबूज होते. कोणी पैसे म्हणतो, कोणी आजी. फाशावर तीन पडतात. आजी माडीवर पोचते, पण उधारीची वही पाण्यात जाते. पुराची इतकी उजळणी कोणत्याही धड्याने होणार नाही. खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने त्या संध्याकाळी नातलगास पत्र लिहावे. त्यास गुण देऊ नयेत.

आता माझी चूक सांगतो. शिक्षक असताना हा खेळ मी प्रथम घेतला, तेव्हा पात्रे मीच वाटली. सामान वाहणारा हमाल हवा होता. ज्याचे वडील हमाली करीत, त्या मुलाला मी ती भूमिका सहज देऊन टाकली. तो तासभर गप्प राहिला. मागाहून विचारले, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, खेळातपण तेच?" त्या दिवसापासून पात्र निवडण्याचा हक्क मुलांचाच, हा माझा पहिला नियम झाला. जात, धंदा वा मुलगा-मुलगी पाहून शिक्षकाने भूमिका कधीही वाटू नये.

दुसरी दक्षता दुःखाविषयी. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात माळीण गाव दरडीखाली गेले. जेथे घरोघर अशी आठवण आहे, तेथे आपत्तीचा प्रसंग न घेता जत्रेचा किंवा हरवलेल्या वासराचा घ्यावा. कोणत्याही मुलाने हात वर केला की प्रसंग तेथेच थांबवावा. कारण विचारू नये.

पुढल्या खेपेस त्याच मुलाने धरणावरील अभियंता निवडला. मी पावसाचे वर्णन केले, वाढत्या पाण्याचे केले, आणि नेहमीप्रमाणे विचारले, "मग तुम्ही काय करता?" त्याने फासा हाती घेतला नाही. त्यानेच मला विचारले, "गुरुजी, धरणाखालच्या लोकांना कोणी सांगितलं का?"

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. त्या दिवशी पुढचा सगळा तास आम्ही त्यावरच खेळलो.